टिबीचं हसू

प्रिय गॅरेट,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. तरीही फोडलंस, म्हणजे अजून थोडी आशा आहे. फोनवर ठेवलेले माझे निरोप तू न ऐकताच पुसून टाकतोस, हे तुझ्या बायकोने मला नाताळात सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं होतं. म्हणून हे कागदावर. कागदाला आवाज नसतो, तेव्हा तुला तक्रारीला जागा नाही.

इकडे बरबँकला वाळवंटाकडचा गरम वारा सुटलाय. घसा नुसता सोलून निघतो. फ्रिजच्या खालच्या खणात हिरवी सफरचंदं अजून असतात. माइकपुढे बसण्याआधी अर्धं खाल्लं की तोंडातला चिकटपणा जातो. उरलेलं अर्धं तू गाडीत मागे बसून खायचास, तोंड वेडंवाकडं करत. आता ते काळं पडतं आणि मी टाकून देते.

आमच्या कार्टूनचं सांगते, तुला ऐकायचं नसलं तरी. यंदा अठ्ठाविसावं वर्ष. पडद्यावर टिबी अजून नऊ वर्षांचाच आहे आणि त्याला आवाज देणारी मी सदुसष्टची झाले. आमच्या धंद्यात मुलग्यांचे आवाज बायकांना देतात, कारण मुलगा चार वर्षांत घोगरा होतो आणि बाई टिकते. टिकते म्हणे! सुरुवातीला लोक म्हणाले, हसवा. मग म्हणाले, पहिल्यासारखं हसवा. आता पहिल्यासारखंही हवं आणि नवंही हवं. टिबी मोठा व्हायला नको, पण त्याने तेच तेच करायलाही नको. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एक महाभाग इंटरनेटवर माझं कार्टूनच्या चौथ्या वर्षीचं हसू आणि यंदाचं हसू शेजारी शेजारी लावून जगाला ऐकवतो, आणि खाली लोक लिहितात, म्हातारीला घरी बसवा. याच लोकांच्या पोरांना मी वाढदिवसाला टिबी होऊन फुकट फोन करत आले रे!

गेल्या वर्षीच्या चाहत्यांच्या मेळाव्यात चाळिशीचा एक टकलू आला. दंडावर टिबी गोंदलेला. माझा हात धरून ढसाढसा रडला. घरी बाप मारायचा, तेव्हा टीव्हीसमोर बसून टिबीबरोबर हसायचो, म्हणाला. मग नाक पुसलं आणि अगदी अदबीने म्हणाला, पण बाई, आता तुमच्यात ती मजा राहिली नाही. मी त्याच्यासोबत फोटो काढला.

त्याहून वाईट म्हणजे हेच चाहते आता आमचे लेखक झालेत. केल्विन नावाचं सव्वीस वर्षांचं पोरगं मला शिकवतं, टिबी हे असं नाही म्हणणार हो. मी म्हटलं, अरे सोन्या, तुझी दुपटी दोरीवर वाळत होती तेव्हापासून मी टिबी आहे. सगळे हसले, तोही हसला. आणि मग त्याने मला माझंच जुनं रेकॉर्डिंग लावून दाखवलं. मी निमूटपणे स्वतःची नक्कल केली.

मार्चमधल्या वाचनाला ते झालं. तुला आठवतं ना, लांब टेबलाभोवती बसून आम्ही अख्खा भाग मोठ्याने वाचतो आणि लेखक मागे बसून कुठे हशा आला त्याच्या खुणा करतात? टिबीचं हसू आलं. मी श्वास आत ओढला आणि घशातून खुर्ची फरशीवर ओढल्यासारखा आवाज निघाला. कुणी हसलं नाही. केल्विनच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. मी म्हटलं, टिबी लपून सिगारेटी ओढायला लागलेला दिसतोय. त्यावर हसले. त्या दिवसाचा तेवढाच हशा. दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडे पाठवलं, त्याचं नंतर सांगते.

मग कंपनीच्या एका बाईने मला जेवायला नेलं. तिचं म्हणणं, माझ्या सगळ्या रेकॉर्डिंगवरून यंत्र माझा आवाज शिकणार, आणि यापुढे टिबी चौथ्या वर्षीच्याच आवाजात बोलणार. कायमचा. चाहत्यांना हवं अगदी तेच. तिने सॅलडच्या वाडग्याला टेकवून फोन उभा केला आणि यंत्राला हसवलं. हुबेहूब, गॅरेट! आधी आत ओढलेला श्वास, मग उचकी, मग दातांच्या फटीतून शिट्टी. मी काटा खाली ठेवला.

कारण ते हसू माझं नाहीच. तू आठ वर्षांचा होतास, सायकलवरून शेजाऱ्यांच्या कुंपणावर आपटलास. पुढचे दोन दात गेले, तोंडभर रक्त, आणि गधड्या, तू उठून हसलास. ते हसू मी न्हाणीघरात आरशासमोर घोटून घोटून घेतलं. त्याच्यावर मला काम मिळालं, आणि त्याच्याच पैशांतून तुझे नवे दात बसले. पुढे शाळेतली पोरं तुला बघून तसं हसायची, आणि तू हसणंच सोडून दिलंस. मला सगळं दिसत होतं, बाळा.

आणि तुझ्या बाबांच्या अंत्यविधीला शवपेटी उचलणाऱ्या त्या माणसाने हळूच विचारलं, एकदा टिबीचा आवाज काढाल का? मी काढला. तू ऐकलंस, तडक गाडीत बसलास आणि डुलुथला आपल्या घरी निघून गेलास. तीन वर्षं झाली. त्या माणसाचा भाऊ त्याच आठवड्यात गेला होता, आणि दोघं लहानपणी मिळून टिबी बघायचे. तू म्हणशील, मी चुकले. मी नाही म्हणणार. पण तू निघून गेलास तेव्हा काळजाचं पाणी झालं, ते आजही तसंच आहे.

त्या बाईच्या करारावर मी सही केली नाही. त्या बाईला सांगितलं, आवाज माझा आहे, पण हसू माझ्या मुलाचं आहे, आणि तो माझ्याशी बोलत नाही, तेव्हा त्याला विचारायचं कसं? तिला वाटलं मी घासाघीस करतेय. तिने रक्कम वाढवली. मी उठून आले. आता मी टिबी सोडल्याचं जाहीर होईल आणि चाहते माझ्या नावाने शिमगा करतील. करू देत.

आता डॉक्टरचं. घशात गाठ आहे, वाईट जातीची. पुढच्या मंगळवारी स्वरयंत्रच काढून टाकणार आहेत. मग मानेला एक भोक असेल, त्यातून श्वास घ्यायचा, बोलायचं नाही. तू कामधंदा सोडून धावत ये, असं म्हणण्यासाठी हे लिहिलेलं नाही. पत्र शुक्रवारपर्यंत पोचेल. सोमवारपर्यंत मला आवाज आहे, खरखरीत, म्हातारा, पण टिबीचा नाही, तुझ्या आईचा. तेवढ्यात एकदा फोन कर. काहीही बोल, तिकडे बर्फ किती पडला ते सांग. मी हसणार नाही, शप्पथ. आणि नाहीच जमलं, मंगळवारनंतर कधी करावासा वाटला, तरी मी उचलेन. पलीकडून काहीच ऐकू येणार नाही, पण मी फोन कानाला लावून बसलेली असेन. आई रुसली असं समजून ठेवून देऊ नकोस.

तुझीच,
आई