उसनी नजर

सोमवार, ४ मार्च

नवे शहर, नवी नोकरी आणि ताईचे घर, या तिन्हींत आज एकाच दिवशी पाऊल टाकले, आणि मन अगदी प्रसन्न आहे. ताई दारातच उभी होती. माझी पुस्तकांची पेटी पाहून म्हणाली, गुरुजी, कपडे आणलेत का, की पानंच गुंडाळून हिंडणार? मला कोणतीही गोष्ट समजावून सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लहानपणापासून ती मला गुरुजी म्हणते. भावोजी बेकरीतून नुकतेच आले होते. दंडावर पीठ तसेच होते. त्यांनी पेटी एकट्याने उचलून मागच्या खोलीत नेली.

या खोलीला लागून ताईच्या कामाची खोली आहे, मध्ये फक्त प्लायवूडची भिंत. ताई रफू करते. ठिणगीने जळलेला कोट, कसर लागलेली शाल असे काहीही तिच्याकडे येते. कापडाच्याच आतल्या दुमडीतून ती धागा काढते आणि भोक असे विणून टाकते की मालकालासुद्धा जागा सापडू नये. तिचे डोळे हेच तिचे दुकान.

माझे काम असे: आमची संस्था जुने व्हिडिओ गेम नव्या रूपात आणते. त्यांपैकी एकाचा सगळा मजकूर मी मराठीत आणायचा आणि तो शेवटपर्यंत कसा खेळावा याची पुस्तिका लिहायची. खेळ आहे 'विवर'. हे नाव ऐकताच ताईने हातातले काम खाली ठेवले. सुट्ट्याच्या सुट्ट्या आम्ही दोघांनी त्या कॅसेटवर घालवल्या होत्या, आणि दुसऱ्या तळाखाली कधीही उतरलो नव्हतो.

बुधवार, ६ मार्च

'विवर' इतका कुप्रसिद्ध का, हे पुस्तिकेच्या आरंभीच नीट मांडले पाहिजे. बहुतेक खेळ चुकीला क्षमा करतात. हा करत नाही. खाली उतरणारा वीर आपण असतो. सोबत दिवटी धरणारी एक सोबतीण असते आणि तिचे नाव आपण ठेवायचे असते. प्रत्येक तळावर एक दगड आहे. त्या दगडापाशी सोबतिणीचा एखादा गुण काढून स्वतःला घेता येतो. आवाज घेतला तर पहारेकरी मागे सरतात. नजर घेतली तर लपलेला जिना दिसतो.

लहानपणी आम्ही काहीच घेत नसू, कारण ताई घेऊ देत नसे. ती बिचारी दिवा धरून चालतेय, आणि तिचंच काढून घ्यायचं? असे म्हणून ती माझ्या हातावर चापट मारी. परिणामी आम्ही दर वेळी मरत असू. आज मांडणीचा अभ्यास केल्यावर उलगडले की काहीही न घेता खाली जाताच येत नाही. रचनाकाराने हे किती विचारपूर्वक बांधले आहे! मी थक्क झालो.

सोबतिणीचे नाव 'ताई' ठेवले. ताईला सांगितले तर हसली. म्हणाली, म्हणजे तिथेही दिवा मीच धरायचा आणि साहेब पुढे!

शनिवार, ९ मार्च

आजचा दिवस एका शब्दात गेला. दगडापाशी मूळ खेळात जो शब्द उमटतो, त्याचा सरळ अर्थ 'घ्यायचे?' तोच ठेवून पहिल्या तळावर चार वेळा खेळून पाहिले. सगळे सुरळीत चालले, पण शब्द दरोडेखोरासारखा वाटत राहिला. शेवटी मी 'उसने घ्यायचे?' असे केले. शब्द घरगुती आहे, आणि खेळणाऱ्याच्या मनावरचे ओझे त्याने हलके होते.

आमच्या प्रमुख बाई मोजके बोलतात. त्या म्हणाल्या, उसनं म्हटलं की परत करणं आलं. तुमच्या खेळात परत करायची सोय आहे का? मी म्हणालो, नाही, पण शब्दाचा परिणाम पाहा. त्या म्हणाल्या, परिणाम होईल हो, पण शब्द खोटा पडेल. मग मी त्यांना शब्दच्छटांविषयी सविस्तर समजावून सांगितले. त्यांना पटले, किंवा त्या कंटाळल्या. शब्द राहिला.

सोमवार, ११ मार्च

नव्या शब्दासह पहिला पूर्ण प्रयत्न केला. 'ताई'चा आवाज उसना घेतला. पहारेकरी दोन्ही बाजूंना सरकले आणि लहानपणापासून बंद असलेला दुसरा तळ मी आज ओलांडला! ओरडतच ताईच्या खोलीत गेलो. तिने टाळ्या वाजवल्या, पण बोलेना. गळ्याकडे बोट दाखवले. घसा बसला असावा.

बुधवार, १३ मार्च

ताईचा घसा बसलेला नाही. आवाजच उरलेला नाही. तोंड उघडले की नुसती हवा येते. डॉक्टरांनी तपासले, आत सगळे निरोगी आहे. भावोजी म्हणाले, घरातला रेडिओ कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटतंय.

आज कार्यालयात मला कामाची माहिती सर्वांसमोर द्यायची होती. आवाज माझाच, पण त्यात एक नवा गोडवा होता. सगळे शांत होऊन ऐकत राहिले. तुम्ही गाणं शिकलात का, असे बाईंनी नंतर विचारले. मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला.

दुपारी दगडापाशी थांबलो तेव्हा 'उसने घ्यायचे?'च्या खाली आणखी एक ओळ होती. 'परत करायचे?' मूळ खेळात ती नाही. माझ्या मजकुरातही नाही. दोन्ही पुन्हा पुन्हा तपासले.

मनात एक विचार आला. तो लिहीत नाही.

शुक्रवार, १५ मार्च

एका योगायोगाने काहीही सिद्ध होत नाही. शास्त्राचा कोणताही विद्यार्थी हे सांगेल. तीच कृती पुन्हा करून तोच परिणाम येतो का, हे पाहावे लागते. म्हणून, केवळ पडताळ्यासाठी, आज 'ताई'ची नजर उसनी घेतली.

पडताळा 'परत करायचे?' दाबूनही झाला असता. हे नंतर सुचले.

नाही. आधीच सुचले होते. सुचले आणि मी ते बाजूला सारले, कारण नजरेशिवाय तिसऱ्या तळाचा जिना सापडत नाही.

शनिवार, १६ मार्च

सकाळी तिला सुईत दोरा ओवता येईना. खिडकीपाशी गेली. मग दारात गेली, उन्हात उभी राहिली. स्वतःलाच हसली, आवाजाशिवाय. दुपारी एका कोटावरचे भोक ती बोटाने चाचपत होती. गिऱ्हाइकाने कोट परत नेला. म्हणाला, ताई, बऱ्या झालात की आणतो.

मला आता चष्मा लागत नाही. भिंतीच्या फटीतून तिने अर्धवट सोडलेल्या विणीतला एकेक धागा मला इथून दिसतो.

भावोजींनी विचारले, तू एवढा शिकलेला, तुला काय वाटतं रे? मी त्यांना समजावले. नसांचा थकवा, बारीक काम, बदलती हवा. बराच वेळ, त्या चांगल्या आवाजात. त्यांना धीर आला. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, तू आहेस म्हणून बरंय.

सोमवार, १८ मार्च

काल खेळ संपवला. शेवटी वीर एकटाच वर येतो, हातात दिवटी घेऊन. आज बाईंनी सर्वांसमोर अभिनंदन केले.

आता सबब उरली नाही. दगडापाशी गेलो. 'परत करायचे?' खाली दोन शब्द: आवाज. नजर.

आवाज निवडला. पुस्तिका आवाजाशिवाय लिहिता येते, म्हणून. दुसरे कारण नाही.

बटण दाबले. घशातून काहीतरी अलगद निघून गेल्यासारखे झाले. ताई, अशी हाक मारून पाहिली. हवा.

भिंतीपलीकडे कुणीतरी खाकरले. पुरुषाचे खाकरणे.

मंगळवार, १९ मार्च

ती बोलते. माझ्या आवाजात.

मी समजत होतो की तिचे तिला मिळेल. साखर उसनी आणली तर तीच साखर कोण परत करतो? शेजारणीची वापरून झालेली असते. आपल्या डब्यातली द्यावी लागते. एवढे साधे. बाईंना मराठी शिकवायला निघालो होतो मी —

भावोजींच्या हातून कप पडला. तिने स्वतःच्या ओठांवर बोटे ठेवली. मग पुन्हा बोलून पाहिले. मग रडली, तेही माझ्यासारखे.

मी बोलत नाही याचे कारण त्यांनी विचारले. गळ्याकडे बोट दाखवले. साथ असेल, असे ते म्हणाले. मी मान डोलावली.

नजर अजून माझ्याकडेच आहे. पुस्तिकेचे एक प्रकरण राहिले आहे. तेवढे झाले की.

बुधवार, २० मार्च

प्रकरण सकाळी झाले. दुपार झाली. अजून दाबलेले नाही.

ताई लांब वाक्ये बोलू लागली आहे. तिची नव्हेत ती. 'प्रथम' म्हणते. 'याचे कारण असे' म्हणते. आवाज एकटा गेलेला नाही. जे मी मोठ्याने कधी बोललो नाही, तेही त्याच्याबरोबर —

आता भावोजी आले. पलीकडे बसले आहेत. ती त्यांना समजावून सांगते आहे. थांबवता येत नसावे तिला, मध्येच हुंदका देते, पण आवाज चालूच. दगड. शब्द. आवाज कसा घेतला. कोणत्या दिवशी काय कळले. शांत, सविस्तर, पायरी-पायरीने. मी असाच बोलतो.

भावोजींनी हातातला कप खाली ठेवला.

आता शुक्रवारवर आली. 'पडताळा "परत करायचे?" दाबूनही झाला असता. आधीच सुचले होते.' शब्द न् शब्द —

खुर्ची सरकली.

पडद्यावर 'नजर' वर खूण आहे. बोट बटणावर आहे. डाव्या हाताने लिहितोय. पावले वाजताहेत, धावत नाहीत, हळू येताहेत. आता दाबतो. त्यांनी दार उघडायच्या आत दाबले पाहिजे. म्हणजे निदान म्हणता येईल, की मी स्वतःहू—