डावीकडची लाट आणि निखिलचा टॉवेल

शनिवार, संध्याकाळ. हवाई.

वैताग आलाय नुसता! डावीकडे फुटणाऱ्या या लाटेवर सर्फिंग करायला ॲरिझोनातल्या चँडलरहून इथवर आले, आणि नवरा किनाऱ्यावरून टॉवेल हलवत बसलाय. काही झालं की काय, म्हणून चांगली लाट सोडून परत आले.

"काय झालं, निखिल?"

"काही नाही गं. पाण्याखाली खडक दिसतायत."

मला माहीत नाहीत का ते? मला काय भीती वाटत नाही?

परत पाण्यात गेले. पुन्हा टॉवेल हलला, तेव्हा सरळ पाठ फिरवली. लाट आली, बोर्डवर उभी राहिले आणि खडकांवरून पार शेवटपर्यंत गेले. आयुष्यात पहिल्यांदा! धावतच बाहेर आले.

"पाहिलंस?"

"नाही. भीतीने डोळेच मिटले होते."

आता म्हणतोय, उद्या परत कर, नक्की बघतो. बघणार कसला!