हात लावला, की खेळायचं

प्रिय अहो,

तुमच्या माघारी तुम्हाला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पण काल मी ज्येष्ठांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत चक्क एक डाव जिंकले! हे सांगायचं कोणाला? लेकीला फोन केला, तर ती "वा आई!" म्हणाली आणि लगेच कैरीच्या लोणच्याचं प्रमाण विचारायला लागली.

स्पर्धा यंदा आपल्या नाशकातच, गंगापूर रोडला होती. म्हटलं, देऊन टाकू नाव. पहिले चार डाव सपशेल हरले. घड्याळाचं बटण भाकरी थापल्यासारखं दाबायचे, म्हणून पंचबाई दोनदा येऊन म्हणाल्या, "काकू, जरा हळू!"

पाचव्या डावाला समोर इंदूरचे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी खेळायला वजीर उचलला आणि तेवढ्यात त्यांना माझा हत्ती दिसला. वजीर हलला, की मात! मग त्यांनी तो हळूच जागेवर ठेवला आणि पंख्याकडे बघत बसले. अगदी तुम्हीच हो!

तिथला नियम कडक. मोहऱ्याला हात लावला, की तेच खेळायचं. तुम्ही मात्र तीस वर्षं चाली परत घेतल्यात! कधी चष्मा नव्हता, कधी कुकरची शिट्टी झाली. किती ती कारणं?

तरी पंचांना बोलवायला माझा हात वर जाईना. आपला शेवटचा डाव आठवला. त्या दिवशी मी तुम्हाला घोडा परत घेऊ दिला नाही. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत, आणि महिन्याभरात गेलात. काय अडलं होतं माझं? एक घोडाच तर होता!

मग मनाला बजावलं, ते आपलं घर होतं, ही राष्ट्रीय स्पर्धा आहे. आणि केला हात वर.

पंचबाईंनी विचारलं, "सर, वजीर नुसता सरळ करत होतात का?"

"नाही," प्राध्यापक म्हणाले. "खेळायलाच उचलला होता. ताईंचं बरोबर आहे."

ऐकलंत? अशीही माणसं असतात!

डाव संपला. हात मिळवताना त्यांनी विचारलं, "कोणाकडे शिकलात?"

"आमच्या मिस्टरांकडे," मी म्हटलं. "नियमाचे फार पक्के होते ते."

एवढं धडधडीत खोटं बोलताना डोळेच भरून आले. त्यांना वाटलं, जिंकल्याचा आनंद.

पुढच्या वर्षीही मी नाव देणार, हा माझा शब्द. जिंकले, तर तुम्ही शिकवलंत म्हणेन. हरले, तर माझी मीच शिकले असं सांगेन.

जयभीम.

तुमची,
सुमन