रात्रीची सरासरी

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून मी संशोधनात आहे. हायवेकडच्या हॉस्पिटलात प्रोस्टेटच्या नव्या गोळीचा अभ्यास चाललाय. साठ जणांतून चाळीस निवडले, त्यात मी. साहजिक आहे. काम सोपं: रोज एक गोळी आणि आठ आठवडे प्रत्येक लघवीची नोंद. वेळ, माप, रात्री किती वेळा उठलो. मापाचं प्लास्टिकचं भांडं दिलंय. शेअर रिक्षात बाजूच्या बाईंनी विचारलं, मिक्सरचं का? हो म्हणालो.
डॉक्टर म्हणाले, आकडे सुधारले नाहीत तर ऑपरेशन करावं लागेल. मी हसलो. ती वेळच येणार नाही.

४ नोव्हेंबर, सकाळी ७
रात्री सहा वेळा. पहिला दिवस धरायचा नाही. नीलम म्हणाली, दर वेळी लाइट कशाला? लाइटशिवाय माप कसं दिसणार? बायकोला संशोधन समजावणं कठीण.
संकल्प: संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. चहा दिवसाला एकच. रोज जेसल पार्कच्या चौपाटीपर्यंत चालणं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
चहा तीन. त्यातला एक पाहुण्यांबरोबर, तो मोजत नाही. चालणं: अर्ध्या वाटेवरून परत. पुढे सोय नाही. रात्री सात वेळा. गोळीला वेळ द्यायला हवा.

९ नोव्हेंबर, रविवार
मापाचा कंटाळा आला. डोळ्यांवर झोप, एका हातात भांडं, दुसऱ्या हाताने चष्मा शोधायचा. चष्मा सापडेपर्यंत काम संपलेलं असतं.
मार्ग निघाला. तीस वर्षं मीटर रीडर होतो. घर कुलूपबंद असलं की आम्ही मागची सरासरी लिहायचो. नियमातच होतं. आज सकाळी चहा घेत हॉस्पिटलच्या वहीत कालची अख्खी रात्र भरली: दोन वेळा, दर वेळी तीनशे मिली. खोटं नाही. गोळी लागू पडल्यावर जे होणार, तेच थोडं आधी लिहिलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
हॉस्पिटल. अभ्यासाचं काम बघणारी रुचिता मॅडम माझ्या मुलीच्या वयाची आहे. वही बघून म्हणाली, काका, एक नंबर! खाडाखोड नाही, सगळं एकाच पेनाने, असं कुणीच लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, सुधारणा छान आहे, सोनोग्राफी पुढे ढकलू.
घरी येऊन नीलमला सांगितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. म्हटलं, तूही जरा चालायला जात जा, झोप चांगली लागते.

२३ नोव्हेंबर, रविवार
काशीगावला परशुरामच्या मुलीचा साखरपुडा. आम्ही दोघं एकत्र मीटर वाचायचो. जेवणाच्या पंगतीतून चार वेळा उठलो. परशुरामने सगळ्यांसमोर विचारलं, दादा, चार वेला उठलास, पोट बरा हाय ना? पोटच म्हटलं. पोटाच्या दुखण्याला लोक मान देतात.
रात्री आठ वेळा. हॉस्पिटलच्या वहीत दोन.

१ डिसेंबर, सोमवार
तळमजल्याच्या गुणवंतभाईंनी गाठलं. त्यांचं हेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. विचारलं, रात को कितनी बार? म्हटलं, दो. ते म्हणाले, मेरा एक बार, आत्मारामभाई, करा लो, डरने का नहीं. म्हटलं, डर कसला, आमचं संशोधन चालू आहे.
ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. भीती वाटते. टेबलावर झोपवतील आणि मला परत जाग येणार नाही, अशी. नीलमला सांगितलेलं नाही. उगाच तिची झोप उडेल.
उद्यापासून चहा बंद.

१३ डिसेंबर, शनिवार
सर्दी. रुचिता मॅडमने बजावलंय, सर्दीची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. फोन करणार होतो. पण शनिवारी कुणाला त्रास द्या. मेडिकलवाल्याकडून आणल्या, दोन घेतल्या. नाक मोकळं झालं. चहा चार, सर्दीमुळे.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी ११
पहाटेपासून एकदाही नाही! गोळी शेवटी लागू पडली. रुचिता मॅडमला कळवायला हवं.

दुपारी १
लागतेय, पण होत नाही. पोट दगडासारखं झालंय. बसवत नाही. नीलम गुणवंतभाईंना हाक मारतेय.

१६ डिसेंबर, मंगळवार. हॉस्पिटल
रविवारी नळी घातली. सर्दीच्या गोळ्यांनी लघवी अडली, म्हणे. नऊशे मिली. नर्सने मोठ्याने वाचलं, वॉर्डभर ऐकू गेलं. काल सोनोग्राफी झाली. आज डॉक्टर माझी नोंदींची वही घेऊन आले. म्हणाले, रात्री दोनदा उठणाऱ्याच्या मूत्राशयाची अशी हालत होत नाही. मी सरासरीची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, ही नोंद अभ्यासातून काढावी लागेल. ऑपरेशन पाच जानेवारीला, तोवर नळी राहील.
खरे आकडे कोण देणार, असं त्यांनी विचारलं. नीलमने पर्समधून कॅलेंडरची दोन पानं काढली. प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा. सहा, सात, सहा, आठ. म्हणाली, हे उठले की मलाही जाग येते. मग मी पडून असते, हे परत येईपर्यंत. कधी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले तर?
डॉक्टरांनी त्या पानांचे फोटो काढून फाइलला लावले. रुचिता मॅडमने मला काहीच विचारलं नाही. नीलमला विचारलं, काकू, मग तुम्ही झोपता कधी?
नीलमने पानं घडी घालून परत पर्समध्ये ठेवली.

१७ डिसेंबर, बुधवार, सकाळी ९
काल संध्याकाळी घरी सोडलं. नळीमुळे रात्री उठायचा प्रश्नच नव्हता. एकदाही उठलो नाही. मला झोप लागली नाही, ते वेगळं.
अजून चहा नाही. नीलम भिंतीकडे तोंड करून झोपलीय. इतकी वर्षं ती माझ्याआधी उठलेली असायची. मला वाटायचं, तिला सवयच आहे.

पावणेदहा
अजून झोपलीय. दूधवाल्याने बेल वाजवली. नळीची पिशवी हातात धरून मी दार उघडलं आणि त्याला म्हटलं, हळू बोल.