खालचा गाळा, विनाअट

मी, श्रीमती शिवम्मा महादेवप्पा बिराजदार, वय वर्षे ७१, धंदा मुलींचं वसतिगृह व खानावळ, मूळ राहणार उदगीर, हल्ली मुक्काम लातूर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवते. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी स्वतः जाऊन आणला. मुलाला पाठवलं असतं तर त्यानं काय लिहून आणलं असतं, सांगता येत नाही. मसुदा वकीलसाहेबांचा आहे. मधलं बोलणं माझं आहे आणि ते खोडायचं नाही, असं त्यांना बजावलं आहे.

१. माझी लातूर येथील इमारत स्वकष्टार्जित असून तीत कोणाचाही हिस्सा नाही. वरचे दोन्ही मजले, म्हणजे वसतिगृहाच्या अकरा खोल्या, माझ्यामागं मुलगा रामलिंग याच्या मालकीच्या होतील. माझ्या कपाटाच्या किल्ल्या दोन आहेत. तिसरी कुणी करून घेतली आहे, हे मला ठाऊक आहे, म्हणून कुलूप बदललं आहे. खानावळीची सगळी भांडी शांतम्माला द्यावीत. सोळा वर्षं तिनं माझ्याकडं भाकरी थापल्या. देताना भांडी तिच्यासमोर मोजावीत. तिच्यावर माझा विश्वास आहे, मोजणाऱ्यावर नाही.

२. माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. ती पुनमची, मुखेडकडची पोर. तिला ती घरपोच करावी आणि हे कलम वाचून दाखवावं.

बावीस वर्षं मी क्लासला येणाऱ्या पोरी सांभाळल्या. पुस्तक उघडं दिसलं म्हणून वाचन चालू आहे, असं मी कधी मानलं नाही. उशीखाली हात घालून मोबाईल गरम लागतो का, ते बघायची. क्लासवाले मार्कांप्रमाणे बाकावर बसवायचे, ते बघून मी मार्कांप्रमाणे पंगत बसवायला लागले. जास्त मार्कवाल्या पहिल्या पंगतीला, गरम भाकरी आणि शिरा. कमी मार्कवाल्या शेवटच्या पंगतीला, उरलंसुरलं. मला वाटलं, पोटाला चटका बसला की पोर अभ्यासाला लागते. आईबाप खूश होते. पुनम सारखी शेवटच्या पंगतीत. मग ती "भूक न्हाई" म्हणायला लागली. मी चारचौघीत म्हटलं, "बाहेर चरून येतीस, म्हणून भूक न्हाई." आठ दिवसांनी पेटी तशीच टाकून एसटीनं गावी गेली. पुढं शांतम्मानं सांगितलं की ती बाहेर काहीच खात नव्हती, शेवटच्या पंगतीला बसण्यापेक्षा उपाशी झोपत होती. पुनम, माझं चुकलं. हे तुझ्या तोंडावर म्हणायची हिंमत मला झाली नाही.

३. तळमजल्यावरचा रस्त्याकडचा गाळा माझी नात आरती रामलिंग बिराजदार, वय वर्षे १९, हिला देते. त्यावर तिच्या बापाचा कसलाही हक्क राहणार नाही.

रामलिंगला ती डॉक्टर व्हायला हवी आहे. तीही माझ्या पंगतीत होती, चार महिने पहिल्या पाटावर. सगळ्या जगावर संशय घेणारी मी, घरच्या पोरीनं सांगितलेले मार्क मात्र खरे धरले. एके दिवशी तिच्या सलवारीला काळं ग्रीस दिसलं आणि मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी तिच्या मागं गेले. ती क्लासला वळलीच नाही. आमच्या बोअरची मोटार दुरुस्त करणाऱ्या अजीजच्या दुकानात शिरली. मी दारात पाव तास उभी होते, तिला पत्ता नव्हता. जळालेली मोटार नव्यानं भरत होती, तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होती. पुस्तक धरून दहा मिनिटं न बसणारी पोर ती. मी हाक मारली, तर मान वर न करता म्हणाली, "आज्जी, थांब जरा, एकशे बारा झालेत, मोजणी चुकंल."

मी अजीजला धारेवर धरलं. फुकटात राबवून घेतो का, काही कबूल केलं आहे का. तो म्हणाला, "अम्मा, मी बोलावलं न्हाई. ती इचारत गेली, मी सांगत गेलो. रोज येते." पगार नाही, मार्क नाहीत, सर्टिफिकेट नाही. मग पोर येते कशाला? मला पटेना. महिनाभर त्या दुकानात स्टूल टाकून बसले. शेवटी माझी जुनीच युक्ती काढली. आरतीला म्हटलं, दर मोटारीला एक नवा ड्रेस. तिनं पंधरा दिवसांत पाच मोटारी उरकल्या. त्यातली एक आठवड्यात जळून परत आली. तिनं पूर्वी भरलेली एकही परत आली नव्हती. आरती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "आज्जी, बक्षीस बंद कर. आधी मी वेढे मोजायची, आता ड्रेस मोजायलेय." त्या दिवशी मी रडले. बावीस वर्षांत किती पोरींचं शिकणं मी शिऱ्यापायी नासवलं असेल, त्याचा हिशेब कोण देणार? पंगत त्या रात्रीपासून एकच केली.

रामलिंग म्हणेल, म्हातारीला पोरीनं फितवलं. आरतीनं यातलं एक अक्षरही वाचलेलं नाही. प्रत वकीलसाहेबांकडं सीलबंद आहे.

४. गाळ्याच्या कलमाखाली वकीलसाहेबांनी रिवाजाप्रमाणे "या अटीवर की" असं लिहून चार ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. कुणाला काही द्यायचं तर अट हवीच, असं मी जन्मभर मानलं. माझ्या मनात अटी होत्याही: तिनं तिथं मोटारीचंच दुकान घालावं, निदान पाच वर्षं चालवावं, बोर्डावर माझं नाव लावावं. तीन दिवस कागद घरी ठेवला. मग लक्षात आलं, हा पुन्हा शिराच झाला. तिनं तिथं मोटारी भराव्यात, पुढं शिकावं, नाहीतर कुलूप लावून बसावं. त्या चार ओळींवर मी आडवी रेघ मारली आहे आणि रेघेवर दोन्ही टोकांना सही केली आहे, म्हणजे तिथं पुन्हा कुणाला काही लिहिता येऊ नये. इतरांचं सोडा, मला माझाच भरवसा नाही.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी खालील साक्षीदारांसमोर त्यावर सही केली आहे. दोघांनाही यातून काही मिळत नाही, म्हणूनच निवडले.

सही: शिवम्मा महादेवप्पा बिराजदार

साक्षीदार:
१) अजीज बाबूमियाँ सय्यद, मोटार वायंडिंग, लातूर
२) डॉ. श्रीमंत कोरे, लातूर

ठिकाण: लातूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४