गाडीतलं शटरचं बटण

८ जानेवारी, गुरु.

आजही शटरसमोर गाडी उभी करून पर्स उलटी केली. चष्म्याचं घर, पासबुक, खोकल्याच्या गोळ्या, सगळं निघालं, रिमोट तळाशी. मागे टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून. हे गॅलरीतून बघत होते. वर गेल्यावर म्हणाले, "अर्धी बिबवेवाडी अडवलीस आज." आभारी आहे.

ह्यांना काय सांगणार, पर्समध्ये रिमोट का असतो ते. गणपतीच्या आधी डॉक्टर म्हणाले, काचबिंदूने ह्यांची डावीकडची नजर गेलीय. समोरचं दिसतं, बाजूचं नाही, तेव्हा गाडी बंद. हे "बरं" म्हणाले. त्यानंतर घरात त्यावर अवाक्षर नाही. मी एकोणसाठाव्या वर्षी क्लास लावून गाडी शिकले. का, ते कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गाडीची चावी दाराशी खिळ्यावर, पूर्वीसारखीच. चावी लपवायची म्हणजे जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाचा अपमान. म्हणून रिमोट लपवला. दोन होते. एक "बिघडला", एक माझ्याकडे. रिमोटशिवाय आमचं शटर हलत नाही. गाडी आत, अपमान कुणाचाच नाही.

१० जानेवारी, शनि.

चहा पिताना ह्यांनी जाहीर केलं, "शटरचं बटण गाडीतच बसवतो. आरशाजवळ एक बटण रिकामं आहे, त्याला जोडता येईल. पर्स झाडायला नको तुला."

कारखान्याच्या टूलरूममध्ये हयात गेली ह्यांची. चार महिन्यांत पहिल्यांदाच चेहरा असा उजळलेला पाहिला. मला फार बरं वाटलं. माझ्यासाठी करतायत म्हणून तर जास्तच. बसवा म्हटलं.

११ जानेवारी, रवि.



सकाळी ह्यांनी गाडीच्या छतातल्या दिव्याचं झाकण काढलं, वायरी सोडवल्या. मला म्हणाले, "तो बिघडलेला रिमोट आण. त्यातली सर्किटची पट्टी चालते का बघू."

मी : कुठे ठेवलाय, आठवत नाही हो.

हे, वर न बघता : "साबुदाण्याच्या डब्यात आहे."

ह्यांना माहीत होतं! कधीपासून, विचारायची हिंमत झाली नाही. वर गेले, डब्यात हात घातला, साबुदाणा झटकून रिमोट आणून हातात दिला. ह्यांनी तो उघडला, मीटर लावला, म्हणाले, "यात काही बिघडलेलं नाही." एवढंच. पुढे तासभर कैची, सोल्डर, टेप. मला गाडीत बसवून बटण दाबायला लावलं. शटर सरसर वर गेलं. मी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या. लाज वाटते.

१२ जानेवारी, सोम.

बँकेत जाताना स्वारगेटच्या सिग्नलला डोक्यात प्रकाश पडला. बटण गाडीत, चावी खिळ्यावर. मग आता त्यांना अडवणार कोण? चार महिने जपलेलं कुलूप मी स्वतः डब्यातून काढून त्यांच्या हातात दिलं. सिग्नल हिरवा झाला, मागचे बोंबलायला लागले, माझा पाय क्लचवरून उठेना. एक रिक्षावाला काच ठोकून म्हणाला, "मावशी, चहा आणू का?"

१५ जानेवारी, गुरु.

विश्रांतवाडीला ताईकडे गेले होते, बसने. गाडी मुद्दाम नेली नाही, पार्किंगची मारामारी. चारला परत. हे पेपर वाचत होते. सगळं जागच्या जागी. भाजीला जावं म्हणून गाडीत बसले तर पाय क्लचपर्यंत पोचेनात.

सीट मागे सरकवलेली. ह्यांच्या उंचीला.

खाली उतरले.  रस्त्यात कुणाला धक्का लागला असता तर? बॉनेटवरून, बंपरवरून हात फिरवून बघितला. ओरखडा नाही. भाजी न आणताच वर गेले. "मिळाली नाही का?" "नाही."

१६ जानेवारी, शुक्र.

रोहनला हिंजवडीला फोन केला. मुलगा आपला, तरी सांगताना चोरी पकडल्यासारखं झालं, माझीच. तो म्हणाला, "आई, सिरियसली? तुम्ही दोघं चार महिने या विषयावर बोललाच नाहीत? बाबांना स्ट्रेट सांग, नाहीतर गाडी विकून टाक." त्याच्या ऑफिसात सगळं स्ट्रेट सांगतात वाटतं.

जेवताना विचारून टाकलं. "काल गाडी काढली होती?"

"हो. मार्केट यार्डापर्यंत."

"डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"डॉक्टरांनी म्हटलंय. तू कधी म्हणालीस?"

 मग मी म्हटलं, रिमोट कुठे आहे हे ठाऊक होतं, तर इतके दिवस का नाही घेतलात? तर माझ्याकडे असं बघितलं, की मीच काहीतरी भलतं सुचवलंय. "लपवलेली वस्तू चोरून घ्यायची? तू ठेवलास म्हणजे तुझी इच्छा नव्हती. मला ते कळलं, मी गप्प बसलो. रविवारी तू आपल्या हाताने आणून दिलास. मी समजलो, परवानगी."

परवानगी! चार महिने हा माणूस माझा शब्द पाळत होता, जो मी दिलाच नव्हता. आणि मी तो मोडला, तेही टाळ्या वाजवून. जेवणाची चव गेली. उठून भांडी घासली, भांडीवाल्या ठकूबाई यायच्या असताना.

संध्याकाळी हे म्हणाले, "एकदा शेजारी बस. तू बघ मी कसा चालवतो. मग काय ते तोंडाने सांग. तू सांगशील ते मान्य."

१८ जानेवारी, रवि.

सकाळी सातला निघालो. मनाशी ठरवलं होतं, आपण चकार शब्द काढायचा नाही. ह्यांनी बटण दाबलं, शटर वर. गिअर, क्लच, सगळं लोण्यासारखं. मला अजून जमत नाही असं.

गाडी बाहेर निघाली आणि डावीकडून, माझ्या बाजूने, समोरच्या लेलेकाकू फुलांची पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला लागल्या. मला दिसत होत्या. गाडी थांबेना. माझा पाय आपोआप खाली दाबला गेला, जिथे ब्रेक नाही तिथे, आणि घशातून काहीतरी आवाज निघाला. ह्यांनी ब्रेक मारला. काकूंची पिशवी बॉनेटला टेकली. त्या हसून हात करून गेल्या, त्यांना कल्पनाही नाही. 

चौकापर्यंत जाऊन आलो. बाकी एक चूक नाही. गाडी आत लावताना भिंतीपासून वीतभर अंतर, नेमकं. इंजिन बंद करून म्हणाले, "बघितलंस ना? तो सायकलवाला कसा मध्ये घुसला. वेळेवर दिसला मला."

सायकलवाला नव्हताच कुणी.

मी म्हटलं, दुपारी सांगते.

आता चार वाजलेत. मी स्वयंपाकघरात हे लिहितेय, चहा उकळून उकळून कडू झालाय. ह्यांनी दोनदा पेपर घडी घालून पुन्हा उघडला, आवाज आला मला. आत्ता दाराशी आलेत. "मग?" म्हणतायत.