अंथरुणाला खिळलेल्या बाईकडून

प्रिय नलू,

तुला जाऊन अजून आठवडाही झाला नाही, आणि आज सकाळी चहा पिता पिता ह्यांनी मला विचारलं, "अगं, नलिनीचं सुतक मला लागतं का?"

मला! नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोचं सुतक त्याला लागतं का, हे पहिल्या बायकोने सांगायचं! मी म्हटलं, "सुतक लागायला आधी लग्न लागावं लागतं. मी जिवंत असताना देवळात दोन हार घातले, त्याला लग्न म्हणत नाहीत." ते उठून गेले. दाढी मात्र केली नाही त्यांनी.

तेव्हाच ठरवलं, तुलाच लिहावं. ह्या विषयावर मोकळेपणी बोलायला तुझ्याशिवाय मला होतं कोण?

आठवतं, तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस ते? दिल्लीचा मे महिना. मी स्टुलावर चढून कूलरच्या जाळ्यांतली घास, म्हणजे गवत, बदलत होते. ओढणी कमरेला खोचलेली, हात कोपरापर्यंत बरबटलेले. उघड्या दारात तू, हातात स्टीलचा डबा.

"ताई झोपल्यात का?" तू हळू आवाजात विचारलंस. "मी नलिनी, गाझियाबादहून आलेय. त्यांच्यासाठी मऊ भात आणलाय. आता उठून बसवतं का हो त्यांना?"

मला वाटलं, फ्लॅट चुकलीस. "कोणत्या ताई?"

"कुलकर्णी साहेबांच्या मिसेस."

"मीच ती."

तू आधी माझ्या पायांकडे पाहिलंस, मग स्टुलाकडे. "तुम्ही... चढता?"

मला पॅरालिसिस झालाय, हे मला तुझ्याकडून कळलं! कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेय म्हणे. बोलताही येत नाही, फक्त डोळ्यांतून पाणी येतं. असं सांगून ह्या माणसाने तुझ्याशी देवळात लग्न केलं होतं. तू चाळिशी ओलांडलेली, घरी गाण्याचे क्लास घेणारी, एकटी. तुला दया आली. तिकडे असले की मला वाटायचं टूरवर आहेत, आणि इकडे असले की तुला वाटायचं माझी सेवा करतायत. आजाऱ्याच्या तोंडाला चव यावी म्हणून तू मेतकूट पाठवायचीस. हे म्हणायचे, ऑफिसात कुणीतरी दिलं. आणि मी मिटक्या मारत दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे!

त्या क्षणी तुला डब्यासकट जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? पण तूच विचारलंस, "मग ते कुठे आहेत? मला म्हणाले, तुमची तब्येत अचानक बिघडली."

"मला म्हणाले, लखनौला टूर आहे."

फोन बंद. आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि तू एकदम रडायलाच लागलीस. "म्हणजे तिसरी? ताई, फसवलं हो मला!"

"तुला फसवलं? आणि मला काय, ओवाळलं?" मी ओरडले. तरी तुला पाणी मीच दिलं!

मग मी ह्यांच्या ऑफिसातल्या शर्माजींना फोन लावला. "मैं भाभीजी बोल रही हूँ." पलीकडून हळूच, "कौन सी वाली?"

"दोनों," मी म्हटलं. त्यांनी पहाडगंजातल्या लॉजचं नाव लगेच सांगून टाकलं.

ऑटोत आपण दोन टोकांना बसलो होतो, मध्ये तो डबा. लॉजच्या खोलीचं दार मी जोरात ढकललं.  आणि आत काय? हे बनियनवर लोळत मॅच बघतायत, पोटावर छोले-भटुऱ्यांची प्लेट. एकटेच!

आपल्याला एकत्र बघून भटुरा हातातच राहिला. मग म्हणाले, "दोन घरं सांभाळून थकलो होतो गं. जरा एकटं राहावंसं वाटलं. आणि मी कुणावर अन्याय केलाय? दोघींनाही काही कमी पडू दिलं नाही."

"मला तर आजारपणसुद्धा दिलंत," मी म्हटलं.

तू मात्र हसली नाहीस. म्हणालीस, "मी आजारी बाईच्या नवऱ्याशी लग्न केलं होतं. धडधाकट बाईच्या नवऱ्याशी नाही." आणि निघालीस.

मी तुझ्यामागे का आले, माहीत नाही. मेट्रोत तू विचारलंस, "ताई, मी पाप केलं का हो?"

"एकदा येऊन बघायचं होतंस. आणि समजा, मी खरंच अंथरुणावर असते, तर? मग चाललं असतं?"

यमुना मागे पडल्यावर तू म्हणालीस, "तेव्हा वाटलं होतं, चालेल. आता वाटतं, मग तर ते जास्तच वाईट झालं असतं."

 तुझं स्टेशन आलं, तू उतरलीस.

त्यानंतर तू ह्यांना दारात उभं केलं नाहीस. आंब्याची पेटी घेऊन आले, तर पेटीसकट परत पाठवलंस. इकडे आमची लेक मुग्धा माझ्या मागे, "मम्मा, हाकलून दे यार त्यांना!" अगं, एवढा बाप्या माणूस हाकलून पाठवायचा कुठे? तुझ्याकडे पाठवावा, तर तू घेईनास! शेवटी मागच्या खोलीत ठेवला. अजून तिथेच आहेत.

मी तुझे फोन कितीतरी दिवस उचलले नाहीत. मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी खरोखरच अंथरुणाला खिळले. तू मऊ भात घेऊन हजर! "या वेळी आधी खात्री करून आलेय," म्हणालीस. टाके दुखेपर्यंत हसलो आपण. पुढे तुझं येणं-जाणं सुरू झाल्यावर एकदा मुग्धाने स्वयंपाकघरात मला गाठलं, "ही नलूमावशी नात्याने आपली नक्की कोण?" मी म्हटलं, "सवत." पोरीला शब्दच ठाऊक नाही! "सौत," असं हिंदीत सांगितल्यावर हातातला कप खाली ठेवून बसली.

आणि साध्या तापाचं निमित्त होऊन तू गेलीस. इतकी घाई कसली होती गं?

घाटावर तुझ्या भावाने अग्नी दिला. हे मागे, स्कूटरींच्या रांगेपाशी उभे. तुझ्या शेजारणीने मला विचारलं, "आप इनकी कौन लगती हैं?" मी म्हटलं, "रिश्तेदार हूँ. पति की तरफ से." खोटं नव्हतं. पण घरी आल्यावर लाज वाटली.

आता दुपारी वरच्या मजल्यावरच्या खन्ना आंटी आल्या. ह्यांचे सुजलेले डोळे पाहून म्हणाल्या, "किसकी डेथ हो गई?"

हे म्हणाले, "दूर की रिश्तेदार थीं." पुन्हा तेच! मेल्यावरही तुझ्याबद्दल खोटंच!

"जी नहीं," मी म्हटलं. "इनकी दूसरी बीवी थी. और मेरी सहेली."

आंटींचा बिस्किटाचा तुकडा चहात पडला. हे उठून मागच्या खोलीत गेले. दार लोटून रडल्याचा आवाज आला, तेव्हा मलाही रडू फुटलं. माझ्या पाठीवर हात खन्ना आंटींनी ठेवला. तोवर कुणी मला विचारलंच नव्हतं, 'सुषमा, तुझं कोण गेलं?' म्हणून.

नलू, जे झालं ते बरोबर होतं असं मी कधीच म्हणणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही. पण एक वचन देते: तुला दूरची नातेवाईक मी कुणाला होऊ देणार नाही. जो विचारेल त्याला तुझं नाव सांगेन आणि नातंही, अगदी त्याचा चहा सांडला तरी.

तुझीच सवत,
सुषमा